पाचवा प्रश्न काहिलीचा

माणूस राग विसरतो म्हणतात. विसरत असेल बापडा. मी विसरलो नाही आणि विसरण्याचा प्रयत्नही केला नाही. एका शून्यापायी मी एका माणसावर बारा वर्षे डूख धरला होता. त्याचे उट्टे काढायला दुसरे काही हत्यार हाती नव्हते, म्हणून मी परीक्षेचा पेपर काढला. पुढे लोक त्या पेपराचे कौतुक करू लागले. पोरांना शास्त्र कळते की नुसते पाठ येते, हे तपासणारा पेपर आमच्या शाळेत निघाला, असे आमचे हेडमास्तर येईल त्याला सांगत. मी खाली मान घालून ऐकत असे. तो कशासाठी निघाला होता ते मला ठाऊक होते.

आमचे घर गडमुडशिंगीचे. थोडी ऊसशेती होती आणि थंडीत आमच्याच मळ्यात गुऱ्हाळ लागायचे. महाराजांनी कोल्हापुरात आमच्यासारख्यांच्या पोरांसाठी बोर्डिंगे काढली, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला बैलगाडीत घालून शहरात आणून सोडले. जाताना म्हणाले, "शीक. न्हाय जमलं तर मोट हायच की." हा आशीर्वाद होता की धमकी ते मला तेव्हा कळले नाही. मी नेटाने शिकू लागलो.

शाळेत सृष्टिशास्त्र शिकवायला एक मास्तर होते. यापुढे 'मास्तर' म्हटले की तेच समजावे. काळा कोट, उपरणे, आणि बोटे पांढरी होऊ नयेत म्हणून कागद गुंडाळलेला खडू. वर्गात भिंतीला लागून एक काचेचे कपाट होते. त्यात विलायतेहून आलेली यंत्रे होती: हवा खेचणारा पंप, पितळी तराजू, भिंगे, थर्मामीटर. कपाटाची किल्ली मास्तरांच्या जानव्याला बांधलेली असायची. वर्षातून एकदा ते आम्हांला रांगेने त्या कपाटासमोरून नेत. हात पाठीमागे बांधायचे, काचेला नाक लावायचे नाही. "हा पंप. हा थर्मामीटर. पुढे चला." अंबाबाईच्या देवळातसुद्धा आम्हांला याहून जास्त वेळ उभे राहायला मिळायचे.

बाकीचे वर्षभर त्यांची वही. प्रश्न आणि उत्तर, प्रश्न आणि उत्तर, सगळे इंग्रजीत. ते सांगत, आम्ही उतरवून घेत असू आणि मग सगळा वर्ग एका सुरात म्हणत असे. अर्थ विचारायची सोय नव्हती. विचारले तर मास्तर म्हणत, "आधी पाठ कर. अर्थ मागाहून येईल." कित्येकांचा अजून यायचा आहे.

त्या वहीत एक प्रश्न होता: उकळत्या द्रवाची उष्णता किती अंश? उत्तर: दोनशे बारा. तेव्हा अंश फॅरनहाइटचे असत. वार्षिक परीक्षेत तोच प्रश्न आला आणि मी तिथे अडकलो. कारण मी उकळते पाणीही पाहिले होते आणि उकळती काहीलही पाहिली होती. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची पसरट, मोठी कढई. आमच्या गुऱ्हाळावर एक म्हातारा गुळव्या होता. रसाचा गूळ कधी होतो ते ओळखणारा तो, अख्खे गुऱ्हाळ त्याच्या शब्दावर चालायचे. तो गार पाण्यात बोटे बुडवून, त्याच ओल्या बोटांनी काहिलीतली काकवी चिमटीत उचलायचा, परत पाण्यात बुडवायचा आणि तिची गोळी होते का ते बघायचा. आम्हा पोरांना काहिलीजवळ फिरकू द्यायचा नाही. म्हणायचा, "पान्यानं भाजलं तर फोड येतो, पोरांनो. काकवीनं भाजलं तर हाड दिसतं. लई तापल्याली असती ती, पान्यापेक्षा."

तेव्हा मी पेपरात लिहिले: पाण्याची उष्णता दोनशे बारा अंश. पण काहिलीतला रस गुळाला येतो तेव्हा पाण्याहून पुष्कळ जास्त तापलेला असतो. आमचा गुळव्या तसे सांगतो.

मास्तरांनी पेपर वर्गात परत दिले. माझा हातात धरला, मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "तुझ्या बापाच्या काहिलीत विलायती शास्त्र शिजत नाही, गुळव्या!" वर्ग हसला. माझ्या शेजारचा, ज्याला मी रोज बोर्डिंगातली भाकरी द्यायचो, तोही हसला. उत्तरावर लाल शाईचे शून्य होते, चांगले वाटोळे, सावकाश काढलेले. आणि त्याच प्रश्नाच्या गुणांनी मी नापास झालो. नापास पोराला बोर्डिंगात जागा नाही हा तिथला नियम होता. आठ दिवसांत मी ट्रंक घेऊन गडमुडशिंगीला परत आलो.

आबा रागावले नाहीत. "बरं," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मला विहिरीच्या मोटेवर उभे केले. मी वर्षभर बैल हाकले. थोरला भाऊ येता-जाता विचारायचा, "काय रं, शास्त्र काय म्हनतंय?" मोट खाली जाताना आणि वर येताना मी एकच आकडा मोजत असे: दोनशे बारा, दोनशे बारा. त्या वर्षी मला मास्तरांचे काय काय व्हावे असे वाटले ते मी इथे लिहीत नाही. त्यांतले काहीच झाले नाही, ते ठणठणीत राहिले.

दुसऱ्या वर्षी बोर्डिंगच्या रेक्टरांनी आबांना निरोप धाडला आणि मला परत घेतले. वार्षिक परीक्षेत पुन्हा तोच प्रश्न आला. उकळत्या द्रवाची उष्णता किती अंश? मी लिहिले, दोनशे बारा. पूर्ण गुण मिळाले. शून्याने मला जेवढे जाळले नव्हते तेवढे त्या पूर्ण गुणांनी जाळले. खोटे लिहिले आणि वर चढलो, एवढे मला त्या वयातही समजत होते.

पुढे मी पुण्याच्या कॉलेजात गेलो. तिथल्या प्रयोगशाळेत कपाटे उघडी असत, हा मला बसलेला पहिला धक्का. तिथे लांब दांड्याचा, वरच्या अंशांपर्यंत खुणा असलेला थर्मामीटर होता. एका सुट्टीत मी कोल्हापुरी गुळाचा खडा पाण्यात विरघळवून काचेच्या भांड्यात आटवायला ठेवला. पारा दोनशे बारावर आला, थोडा रेंगाळला आणि वर निघाला. काकवीचा वास सुटला तेव्हा तो दोनशे चाळीसच्या पुढे होता. मी बोट पाण्यात बुडवून काकवी उचलली, गोळी केली आणि तोंडात टाकली. इतकी गोड वस्तू मी आयुष्यात दुसरी खाल्ली नाही. त्याच क्षणी ठरवले की नोकरी करायची ती त्याच शाळेत, त्याच माणसाच्या नाकावर टिच्चून.

आणि तसेच झाले. मी शास्त्राचा दुय्यम शिक्षक म्हणून शाळेत रुजू झालो. मास्तर अजून होते, आता केस पांढरे झाले होते, किल्ली मात्र जानव्यालाच होती. त्यांनी मला ओळखले नाही असे होणे शक्य नव्हते, पण ओळख दाखवली नाही. मला 'अहो' म्हणत. मीही 'मास्तर' म्हणत असे. आम्ही एकाच खोलीत डबा खात असू आणि हवापाण्याच्या गप्पा मारत असू. मी दबा धरून होतो.

संधी आली ती एका पाहुण्यामुळे. परगावचे एक शिकलेले गृहस्थ शाळा बघायला आले होते. वरच्या वर्गात त्यांनी मास्तरांच्या पहिल्या नंबराच्या मुलाला विचारले, "गाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवतात, ती लोहार आधी तापवतो. का?" मुलाने उभे राहून इंग्रजीत घडाघडा सांगितले की उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात. पाहुणे म्हणाले, "छान. मग धाव तापली की तिच्यामधले भोक लहान होते की मोठे?" मुलगा गप्प. शेजारचा गप्प. सगळा वर्ग गप्प. पाहुणे हसले आणि म्हणाले, "लोहाराला विचारून ठेवा हो." हेडमास्तरांचा चेहरा उतरला.

संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघांना बोलावले. म्हणाले, "पोरांना खरोखर कळते काय, हे बघणारा एक पेपर पाहिजे. कोण काढतो?" मास्तर म्हणाले, "माझी वही आहे ना." मी हेडमास्तरांचे वाक्य संपायच्या आतच हो म्हटले होते. त्यांना माझा उत्साह आवडला.

तीन महिने मी प्रश्न गोळा करत गावभर हिंडलो. पुस्तकाला हात लावला नाही. लोहाराच्या भात्याजवळ बसलो, बाजारात तराजूच्या दांडीखाली उभा राहिलो, कोकणातून माल घेऊन गगनबावड्याच्या घाटाने येणाऱ्या गाडीवानांशी बोललो. शहरात एक म्हातारे मुसलमान कल्हईवाले होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. ते लांब लोखंडी सांडशीने तांब्याचे भांडे निखाऱ्यावर फिरवत. मी विचारले, "चाचा, एवढं तापलेलं भांडं धरता, हात कसा भाजत नाही?"

"भाजंल की, मास्तर. पन ही सांडशी लोखंडाची हाय आन् लांब हाय. लोखंडात आग हळू हळू चढती. तवर माझं काम व्हतं."

"आणि तांब्याची केली तर? तांबं लोखंडापेक्षा देखणं दिसेल."

चाचांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे बघितले. "शिकल्याला मानूस तुमी! तांब्याची केली तर भांड्याच्या आधी माझा हात लाल व्हईल की. शाळंत हेच शिकवता व्हय?"

हाच प्रश्न मी त्या पहिल्या नंबराच्या मुलाला विचारला. तो म्हणाला, "धातू उष्णतेचे उत्तम वाहक आहेत आणि तांबे त्यांत श्रेष्ठ आहे, म्हणून तांब्याची सांडशी उत्तम." वहीतला शब्द न् शब्द बरोबर होता आणि माणसाचा हात जळत होता. मी तो प्रश्न लगेच कागदावर घेतला.

हीच माझी चाळणी ठरली. ज्याचे उत्तर चाचांना किंवा लोहाराला येते आणि मास्तरांच्या हुशार मुलाला येत नाही, तो प्रश्न ठेवायचा. दोघांनाही आला किंवा दोघांनाही अडला तर टाकून द्यायचा. अशी परीक्षा करून करून मी चाळीस प्रश्नांतून आठ उरवले. चाळणी चांगली होती हे मी आजही म्हणेन. ती लावणाऱ्याचा हेतू चांगला नव्हता एवढेच. मोटेवरचा एक प्रश्न मला फार आवडला होता, पण हेडमास्तर म्हणाले, "पेठेतल्या पोरांनी मोट हाकलेली नाही, त्यांच्यावर अन्याय होईल." मी तो काढला. मनात म्हटले, माझ्यावर झाला तेव्हा कोणी काढला होता?

पाचवा प्रश्न मात्र चाळणीतून आला नाही. तो मी आधीच ठरवून ठेवला होता. पाणी दोनशे बारा अंशांवर उकळते. काहिलीतला रस गुळाला येतो तेव्हा त्याची उष्णता तेवढीच असते, कमी असते की जास्त? तुमच्या उत्तराची खात्री कशी कराल?

प्रश्नांबरोबर मी नमुना उत्तरे आणि गुण कसे द्यायचे याचा तक्ताही लिहिला. पाचव्या प्रश्नापुढे पहिली ओळ लिहिली: 'तेवढीच' लिहिणाऱ्यास शून्य. मग मला शंका आली. मास्तरांनी आयत्या वेळी कुणाला विचारले आणि नुसते 'जास्त' लिहून ठेवले तर? मासा जाळ्यातून निसटायचा. म्हणून मी खाली आणखी एक ओळ घातली: कोणी सांगितले म्हणून 'जास्त' लिहिणाऱ्यासही शून्य, पडताळा कसा घ्यायचा ते लिहिले तरच गुण. आता कोणतीच वाट उरली नव्हती. ती ओळ लिहून झाल्यावर मी खूश होऊन दोन कप चहा प्यालो.

राहिले होते मास्तरांना जाळ्यापर्यंत आणायचे. मी हेडमास्तरांना म्हटले, "पेपर पोरांना देण्याआधी शिक्षकांनी सोडवून बघावा. म्हणजे प्रश्न कुठे चुकले ते कळेल. आणि शिक्षकांनी आपली उत्तरे वर्गासमोर वाचावीत, आपले मास्तरही परीक्षेला बसतात हे पोरांना दिसू द्या." हेडमास्तरांना ही कल्पना इतकी पसंत पडली की ते टेबलावर थाप मारून उठले. मग मी हळूच पुढची गोष्ट काढली: उत्तरे लिहून झाली की पाकिटात घालून लाखेने बंद करायची आणि वर्गातच उघडायची, म्हणजे मागाहून कोणी खाडाखोड केली असे व्हायला नको. त्यांनी तेही मान्य केले. मास्तरांना सांगितले तेव्हा ते फक्त "बरे" म्हणाले. एका दुपारी विद्यार्थ्यांच्या बाकावर बसून त्यांनी पेपर सोडवला. गुडघे बाकाखाली मावत नव्हते. मी परीक्षक म्हणून फेऱ्या मारत होतो आणि मुद्दाम त्यांच्या मागे जरा जास्त वेळ उभा राहत होतो.

मग पोरांनीही पेपर सोडवला आणि उत्तरे वाचायचा दिवस उजाडला. वरच्या वर्गाची पोरे दाटीने बसली होती, हेडमास्तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर. मी फळ्याजवळ, हातात तक्ता. मी एक वाक्य पाठ करून आलो होतो. मास्तरांनी 'दोनशे बारा' वाचले, पोरे हसली, की मी विचारणार होतो, 'बारा वर्षांपूर्वी एका मुलाने याचे खरे उत्तर लिहिले होते, त्याला तुम्ही काय दिलेत?' आणि मग म्हणणार होतो, 'तो मुलगा मी.' हे वाक्य मी मोटेवर असल्यापासून घासून घासून लखलखीत केले होते.

मास्तरांनी पाकीट फोडले. पहिला प्रश्न धावेचा. त्यांनी प्रसरणाचा नियम सुरेख वाचला, भोकाचे नावच घेतले नाही. मी फळ्यावर निम्मे गुण मांडले. दुसरा सांडशीचा. त्यांनी तांब्याची चांगली असे लिहिले होते. तेव्हा मी पोरांना चाचांचे उत्तर चाचांच्याच बोलीत सांगितले आणि वर्ग खोखो हसला. मी शून्य काढले, वाटोळे, सावकाश. तिसऱ्यात त्यांना थोडे गुण मिळाले. चौथा गगनबावड्याचा होता: आषाढात तिथे घरात, छपराखाली टांगलेले धोतर चार चार दिवस का वाळत नाही? त्यांनी लिहिले होते, तिथे पाऊस फार पडतो म्हणून. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले, "घरात कुटला पाऊस, मास्तर?" पुन्हा हशा. हवेतच ओल भरलेली असली की ती धोतरातले पाणी घेत नाही, हे मी समजावून दिले, जरा जास्तच गोड आवाजात. मास्तरांचे कान लाल झाले होते. खरे सांगतो, मला मजा येत होती. हेडमास्तर खुर्चीवर अस्वस्थ होऊन चुळबुळत होते, पण मी तिकडे बघितले नाही.

"पाचवा," मी म्हटले.

मास्तरांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, परत लावला आणि वाचले. "जास्त असते. मी स्वतः पाहिले आहे. पौषात एका गुऱ्हाळावर जाऊन शाळेचा थर्मामीटर काहिलीत धरला. त्यावर दोनशे वीसपर्यंतच खुणा होत्या. पारा दोनशे वीसला पोहोचला तेव्हा रस गुळाला यायला अवकाश होता. पारा तिथेही थांबला नाही आणि थर्मामीटर फुटला. पारा काहिलीत सांडला म्हणून ते सगळे आदण, म्हणजे काहीलभर रस, ओतून द्यावे लागले. खात्री करायची तर जास्त खुणांचा थर्मामीटर घ्यावा."

माझ्या हातातला खडू तसाच राहिला. ते अडाणी आहेत असे मी बारा वर्षे धरून चाललो होतो. पुस्तकापलीकडे त्यांना काही दिसत नाही, म्हणून त्यांनी मला शून्य दिले, एवढेच मला ठाऊक होते.

"कोणत्या पौषात?" मी विचारले.

"बारा वर्षे झाली. एका मुलाने पेपरात असे उत्तर लिहिले होते. ते डोक्यातून जाईना, म्हणून बघायला गेलो."

"त्या मुलाला तुम्ही किती गुण दिले होते?"

"शून्य."

"आणि थर्मामीटर फुटल्यावर?"

मास्तरांनी कागदाची घडी घातली. "गप्प बसलो. वर्गात दाखवताना फुटला, असे लिहून मोकळा झालो. निकाल लागून गेला होता."

"पुढच्या वर्षी तुम्ही तोच प्रश्न परत घातलात. आणि दोनशे बारा लिहिणाऱ्याला पूर्ण गुण दिलेत."

"वही बदलली असती तर सगळ्यांनी का बदलली म्हणून विचारले असते," मास्तर म्हणाले. "पोरांसमोर चुकलो म्हणायची मला लाज वाटली. आज म्हणतो. चुकलो."

म्हणजे मी मोटेवर बैल हाकत होतो तेव्हा, त्याच थंडीत, हा माणूस एका काहिलीशेजारी उभा राहून माझे उत्तर खरे झालेले बघत होता. आणि घरी जाऊन जेवला, झोपला. अडाण्याला मी एखाद्या दिवशी सोडून दिले असते. याला सोडायचे नव्हते. त्यांचे 'चुकलो' माझ्या जवळूनही गेले नाही. मला ते वर्ष हवे होते, हा शब्द नव्हे. माझे वाक्य ओठांवर आले होते आणि हवा होता तसा डाव समोर पडला होता. पोरे त्यांच्याकडे बघत होती, हेडमास्तर त्यांच्याकडे बघत होते. मी तोंड उघडले.

"एक विचारू का?" मास्तरच आधी बोलले. त्यांच्या आवाजात खवचटपणा नव्हता, असता तर बरे झाले असते. "मी त्या मुलाला शून्य दिले ते चुकीच्या कारणाने दिले. पण तुम्ही गुणांचा तक्ता केला आहे. त्याप्रमाणे आज त्याला किती पडतील? त्याचे उत्तर मला पाठ आहे. 'काहिलीतला रस गुळाला येतो तेव्हा पाण्याहून पुष्कळ जास्त तापलेला असतो. आमचा गुळव्या तसे सांगतो.' एवढेच लिहिले होते त्याने."

हेडमास्तर उत्सुकतेने पुढे सरकले. "हो, हो, वाचा की तक्ता. पोरांनाही कळू द्या."

मी तक्ता उचलला. अक्षर माझेच होते. मी वाचले, "कोणी सांगितले म्हणून 'जास्त' लिहिणाऱ्यासही..." आणि थांबलो. पुढचा शब्द पोरांनी पूर्ण केला. नियम त्यांना मीच आदल्या दिवशी समजावून दिले होते.

"शून्य!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

मला तो तक्ता फाडावासा वाटला. मला सांगावेसे वाटले की तेरा वर्षांच्या पोराजवळ थर्मामीटर नव्हता, तो यांच्या कुलपात होता आणि किल्ली यांच्या जानव्याला होती. की पडताळा काय असतो ते त्याला कोणी शिकवलेच नव्हते, ते शिकवायचे काम याच माणसाचे होते. हे सगळे खरे होते आणि यांतले काही तक्त्यात बसत नव्हते. गुळव्या सांगतो म्हणून मी लिहिले होते, तसे वही सांगते म्हणून बाकीच्यांनी लिहिले होते. गुळव्या बरोबर निघाला हे त्या गुळव्याचे कौतुक, माझे नाही. आणि हे मला कळावे ते भर वर्गात, माझ्याच अक्षरात, त्या माणसाच्या तोंडून.

मी फळ्याकडे वळलो आणि पाचव्या प्रश्नापुढे मास्तरांचे पूर्ण गुण लिहिले. लिहावेच लागले.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "मास्तर, त्यो पोरगा कोन व्हता? फुडं काय झालं त्याचं?"

प्रश्न मला होता की त्यांना, कळले नाही. मी मास्तरांकडे बघितले. ते माझ्याकडेच बघत होते. त्यांना सगळे ठाऊक होते, बोट दाखवले असते तर काम झाले असते. त्यांनी नजर खाली वळवली आणि माझ्यासाठी गप्प बसले. त्या दिवशी मला त्यांचा सगळ्यांत जास्त राग आला तो त्या गप्प बसण्याचा.

"होता एक," मी म्हणालो. "चला, सहावा प्रश्न घ्या."